रेखांशमंडळाचे कागद : कारागिरांच्या शोधास सरकारी द्रव्यसाहाय्य, इ. स. १७१४–१८२८

लहान कारखानदाराच्या किंवा एकट्या कारागिराच्या शोधास सरकारानें पैका पुरवावा कीं नाहीं, आणि पुरवावयाचा तर कोणत्या बोलीवर, हा प्रश्न अगदीं अलीकडचा समजला जातो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तेथील राष्ट्रीय विज्ञान-प्रतिष्ठानानें १९७७ सालीं लहान उद्योगांस संशोधनार्थ अनुदान देण्याचा प्रयोग आरंभिला आणि १९८२ च्या जुलै महिन्यांत त्यास कायद्याचें रूप आलें. भारतांत जैवतंत्रज्ञान विभागानें २००५ सालीं तशाच धर्तीची एक योजना काढली. यामुळें हा विषय अर्थशास्त्रज्ञांचा, इतिहाससंशोधकाचा त्याशीं संबंध नाहीं, अशी समजूत होणें स्वाभाविक आहे. परंतु या प्रश्नाचा जवळजवळ शंभर वर्षांचा लेखी व्यवहार ज्यांत जसाचा तसा राहिला आहे असें एक दफ्तर इंग्लंडांत शाबूत आहे. अर्ज करणारा कोण, त्याचें काम काय, त्यास पैका किती मिळाला, कोणत्या बोलीवर मिळाला, आणि कामाचें पुढें काय झालें, या सर्व गोष्टी त्या कागदांवरून लावतां येतात. हें दफ्तर म्हणजे बोर्ड ऑफ लाँजिट्यूड, अर्थात् रेखांशमंडळ, याचें होय.

या मंडळाच्या इतिहासांतील जॉन हॅरिसन याचें प्रकरण सर्वश्रुत आहे. लोकांत रूढ झालेली हकीकत अशी कीं, एका सुताराच्या मुलानें अद्भुत घड्याळ केलें, ज्योतिषांनीं मत्सरानें त्याचें बक्षीस अडवून धरलें, आणि अखेर राजानें मध्यें पडून न्याय दिला. ही हकीकत बहुतांशीं हॅरिसनाच्या स्वतःच्या तक्रारींवरून रचलेली आहे. वादीची कैफियत टाकाऊ नसते. परंतु तेवढ्यावर निवाडा होत नाहीं. मंडळाचीं कार्यवृत्तें आणि हिशेब कैफियतीशेजारीं मांडून पाहिले म्हणजे दोन गोष्टी दिसूं लागतात. पहिली ही कीं, घड्याळ निर्माण झालें तें मोठ्या बक्षिसाच्या पैशानें नव्हे, तर कायद्याच्या एका कोपऱ्यांत घातलेल्या लहानशा कलमाखालीं दिलेल्या हप्त्यांनीं. दुसरी ही कीं, पुढें जो कलह माजला त्याचें मूळ कोणाच्या दुष्टपणापेक्षां करारांतील एका उणिवेंत आहे : सरकारानें पैका देऊन नेमकें काय विकत घेतलें, यंत्र कीं यंत्र करण्याचें ज्ञान, हें आरंभीं कोणीच ठरविलें नव्हतें. या दोन गोष्टी दाखविणें एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम प्रश्नाचें स्वरूप पाहूं. समुद्रावर अक्षांश सूर्याच्या किंवा ध्रुवाच्या उंचीवरून काढतां येतो. रेखांशाचें तसें नाहीं. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणून एका तासास १५ अंश आणि एका अंशास ४ मिनिटें पडतात. जहाजावरील स्थानिक वेळ सूर्यावरून कळते. त्याच क्षणीं निघाल्या बंदराची वेळ कळली तर दोहोंच्या अंतरावरून रेखांश निघतो. ही बंदराची वेळ जहाजावर आणावयाचे मार्ग दोन : एक, डोलत्या जहाजावर, उष्ण-थंड हवेंत, महिनोगणती न चुकणारें घड्याळ करणें, दुसरा, चंद्राचें नक्षत्रांपासूनचें अंतर मोजून कोष्टकांवरून वेळ काढणें. पहिल्यास कारागीर पाहिजे, दुसऱ्यास गणिती. हा भेद पुढें महत्त्वाचा ठरणार आहे.

जुन्या कालगणनेप्रमाणें २२ ऑक्टोबर १७०७ रोजीं ॲडमिरल सर क्लाउड्सली शोव्हेल याच्या आरमाराचीं चार जहाजें सिली बेटांच्या खडकांवर फुटून हजारांवर माणसें बुडालीं. हा आघात लोकांच्या स्मरणांत ताजा असतां १७१४ च्या मे महिन्यांत नाखवे आणि व्यापारी यांनीं पार्लमेंटास अर्ज केला. चौकशी-समितीपुढें आयझॅक न्यूटन यानें साक्ष दिली. त्याच वर्षाच्या जुलैंत कायदा मंजूर झाला. आपल्याकडे बाळाजी विश्वनाथास पेशवाईचीं वस्त्रें मिळून तेव्हां वर्षही पुरें झालें नव्हतें.

या कायद्यांत द्रव्याचीं कलमें दोन आहेत. पहिलें बक्षिसाचें. वेस्ट इंडीजच्या बंदरापर्यंत जहाज नेऊन रेखांश एका अंशाच्या आंत सांगणाऱ्यास १०,००० पौंड, दोन-तृतीयांश अंशाच्या आंत सांगणाऱ्यास १५,०००, आणि अर्ध्या अंशाच्या आंत सांगणाऱ्यास २०,००० पौंड. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटें; सहा आठवड्यांच्या सफरींत घड्याळानें दिवसाला तीन सेकंदांहून अधिक चुकूं नये, असा याचा अर्थ. दुसरें कलम प्रयोगखर्चाचें. मंडळाच्या पांच किंवा अधिक सभासदांस एखादी योजना प्रयोगास योग्य वाटली तर तिच्यासाठीं २,००० पौंडांच्या मर्यादेंत पैका देण्याचा अधिकार त्यांस होता. पहिलें कलम जगभर गाजलें. दुसऱ्याची कोणी फारशी वाच्यता केली नाहीं. तथापि काम केलें तें दुसऱ्यानें.

याचा पुरावा कालक्रमांतच आहे. २०,००० पौंडांचें बक्षीस जाहीर झाल्यापासून तेवीस वर्षें मंडळाच्या एकाही बैठकीचें कार्यवृत्त नाहीं. बक्षीस मोठें असल्यामुळें अर्ज पुष्कळ आले, थट्टाही पुष्कळ झाली. परंतु ज्याला खरोखर काम करावयाचें त्याला बक्षीस मिळेपर्यंत खावें काय, हा प्रश्न राहिलाच. मोठ्या बक्षिसाचा दोष हाच कीं, तें कामाच्या शेवटीं उभें असतें आणि खर्च कामाच्या आरंभीं. धनिकास किंवा पेढीस हें अंतर तोडतां येतें; हातावर पोट असलेल्या कारागिरास येत नाहीं.

जॉन हॅरिसन हा १६९३ सालीं यॉर्कशायर परगण्यांतील फाउल्बी गांवीं जन्मला आणि लिंकनशायरमधील बॅरो येथें वाढला. बापाचा धंदा सुतारकीचा, तोच त्याचा. त्याचें पहिलें लंबकाचें घड्याळ १७१३ सालचें असून त्याचीं चाकें लांकडाचीं आहेत. १७३० च्या सुमारास तो आपली योजना घेऊन लंडनास आला. राजज्योतिषी एडमंड हॅली यानें त्यास जॉर्ज ग्रॅहॅम या नामांकित घड्याळजीकडे धाडलें. ग्रॅहॅमनें योजना पारखली आणि पदरचे पैसे बिनव्याजी उसने दिले. यावर हॅरिसनानें पांच वर्षें खपून १७३५ सालीं पहिलें सागरी घड्याळ पुरें केलें. त्याचें वजन सुमारें ३४ किलोग्रॅम होतें. १७३६ त तें जहाजावरून लिस्बनास नेऊन आणिलें. परतीच्या वाटेवर इंग्लंडचा किनारा दिसूं लागला तेव्हां तो कोणता भूशिरभाग, याविषयीं जहाजाच्या अधिकाऱ्यांचा अंदाज चुकीचा आणि हॅरिसनाचा बरोबर ठरला. म्हणजे आरंभींचें भांडवल सरकारचें नव्हतें. तें एका समव्यवसायी कारागिराचें होतें. सरकार आलें तें यंत्र पाण्यावर चालून दाखविल्यानंतर.

३० जून १७३७ ची बैठक ही मंडळाची पहिली नोंदलेली बैठक होय. हॅली हजर होता. आरमारखात्याचा मुख्य सर चार्ल्स वेजर हाही होता. हॅरिसनानें येथें बक्षिसाच्या परीक्षेसाठीं वेस्ट इंडीजची सफर मागितली नाहीं. आपल्या यंत्रांतील दोष त्यानेंच पुढें मांडले आणि दुसरें, आकारानें लहान यंत्र करण्यासाठीं साहाय्य मागितलें. मंडळानें ५०० पौंड मंजूर केले. त्याची बोली ध्यानपूर्वक पाहण्याजोगी आहे. अर्धी रक्कम, २५० पौंड, लगेच. उरलेली अर्धी, यंत्र पुरें होऊन जहाजाच्या कप्तानाच्या ताब्यांत दिल्यावर. आणि वेस्ट इंडीजच्या सफरीहून परत आल्यानंतर दुसरें यंत्र, तसेंच पहिलें यंत्रही, लोकोपयोगासाठीं सरकारच्या हवालीं करावें.

या शेवटच्या शर्तीवर थोडें थांबलें पाहिजे. पहिलें यंत्र सरकारी पैशानें झालेंच नव्हतें. तरी दुसऱ्याच्या साहाय्याबरोबर तेंही सरकारजमा व्हावयाचें ठरलें. गरजू मनुष्य अशा शर्तीवर सही करतो, कारण त्या दिवशीं त्याच्या नजरेपुढें २५० पौंड असतात, एकोणतीस वर्षांनंतरचा दिवस नसतो. तो दिवस २३ मे १७६६ रोजीं उगवला. त्या दिवशीं राजज्योतिषी नेव्हिल मॅस्केलीन हा मंडळाचें आज्ञापत्र घेऊन हॅरिसनाच्या घरीं आला आणि तीन मोठीं यंत्रें गाडींत घालून ग्रिनिचच्या वेधशाळेस घेऊन गेला. हलवितांना पहिलें यंत्र हातांतून पडलें. लोकांच्या कथेंत हा निव्वळ जुलूम आहे. कागद पाहतां, निदान पहिल्या दोन यंत्रांपुरतें, तें १७३७ च्या करारनाम्याचें एक कलम अमलांत आणणें होय. कलम कायदेशीर होतें. तें न्याय्य होतें किंवा काय, हा प्रश्न निराळा.

दुसरें यंत्र १७३९ सालीं पुरें झालें. स्पेनशीं युद्ध चालू असल्यामुळें तें समुद्रावर नेण्याचा योग आला नाहीं, आणि मधल्या काळांत त्याच्या तोलदांड्यांत मूलगामी दोष असल्याचें खुद्द हॅरिसनासच आढळलें. तिसऱ्या यंत्रास त्यानें जवळजवळ एकोणीस वर्षें घातलीं. या सबंध काळांत मंडळ पांचपांचशें पौंडांचे हप्ते देत राहिलें. २,००० पौंडांची मूळ मर्यादा अपुरी पडली तेव्हां पार्लमेंटानें ती वाढवून दिली. आजच्या एखाद्या हिशेबतपासनिसानें हें खातें पाहिलें तर अनुदान बुडालें असाच शेरा मारला असता. कारण तिसरें यंत्र समुद्रपरीक्षेस कधींच उतरलें नाहीं. पण त्याच यंत्राच्या खटाटोपांत दोन धातूंची जोडपट्टी आणि पिंजऱ्यांत बसविलेल्या रुळांचें बेअरिंग, असे दोन शोध लागले. उष्णतेनें एक धातु अधिक आणि दुसरी कमी वाढून वांकणारी ती जोडपट्टी पुढें उष्णता-नियामक उपकरणांत घरोघर पोंचली. तसेंच मोठें यंत्र कोठें अडतें हें पुरतें कळल्यावरच हॅरिसनानें ती दिशा सोडली आणि खिशांतील घड्याळाच्या धर्तीवर चौथें यंत्र केलें. १७५९ सालीं पुरें झालेलें हें चौथें यंत्र अवघें १३ सेंटिमीटर व्यासाचें असून त्याचें वजन दीड किलोग्रॅमहूनही कमी आहे. फळ चौथ्यास आलें. पण त्याचें खत तिसऱ्यांत पडलें होतें. बक्षिसाच्या कलमास अशा अपयशाची किंमत करतां येत नाहीं. हप्त्याच्या कलमास ती करतां आली.

येथून कलहास आरंभ होतो. पानिपतचा रणसंग्राम झाला त्याच १७६१ सालीं, १८ नोव्हेंबर रोजीं, हॅरिसनाचा मुलगा विल्यम चौथें घड्याळ घेऊन 'डेटफर्ड' जहाजानें जमेकास निघाला. घड्याळाची ठरावीक दैनिक चूक वजा जातां ८१ दिवसांत तें सुमारें ५ सेकंद मागें पडलें. मंडळाचा आक्षेप असा कीं, खुद्द जमेकाचा रेखांशच निश्चित नाहीं. मग घड्याळ बरोबर कीं चूक, हें ठरावें कशावरून? आक्षेप शास्त्रदृष्ट्या खोटा नव्हता. मंडळानें १,५०० पौंड दिले, दुसऱ्या परीक्षेनंतर आणखी १,००० देण्याचें ठरविलें. २८ मार्च १७६४ रोजीं 'टार्टर' जहाज बार्बेडोसकडे निघालें. या वेळीं मॅस्केलीन आगाऊ तेथें जाऊन वेध घेत होता. ४७ दिवसांत चूक ३९.२ सेकंद, म्हणजे अंतरानें सुमारें दहा सागरी मैल. पूर्ण बक्षिसासाठीं मर्यादा तीस मैलांची होती. घड्याळ कसोटीस तिपटीनें उतरलें.

आतां मंडळापुढें खरा पेंच आला. १७१४ च्या कायद्यांत पद्धति समुद्रावर व्यवहार्य आणि उपयुक्त ठरली पाहिजे, असे शब्द आहेत. हॅरिसनाचें म्हणणें : ठरलेल्या सफरीवर ठरलेल्या मर्यादेंत रेखांश निघाला, पैसे टाका. मंडळाचें म्हणणें : एका मनुष्यानें आयुष्य वेंचून केलेलें एक घड्याळ ही पद्धति नव्हे, उद्यां हा म्हातारा मेला तर आरमाराच्या हातीं काय राहिलें? दुसऱ्या कारागिरास तें करतां आलें तरच तें उपयुक्त. या दोन्ही वाचनांस कायद्याचे शब्द आधार देतात. हॅरिसन अक्षरास धरून होता, मंडळ हेतूस धरून होतें. शिवाय प्रतिस्पर्धी चंद्रांतरपद्धतीचा स्वभावच प्रकट होता. तिचीं कोष्टकें छापलीं कीं तीं सर्वांचीं झालीं. मॅस्केलीनच्या देखरेखीखालीं १७६७ सालाचें पहिलें नाविक पंचांग निघालें तें या कामासाठींच. कारागिराची विद्या मात्र हातांत असते. ती छापतां येत नाहीं, आणि उघड केली कीं तिचा मोलभाव संपतो. मॅस्केलीन स्वतः चंद्रांतरपद्धतीचा पुरस्कर्ता असून शिवाय परीक्षकही होता, ही गोष्ट हॅरिसनास डाचली यांत नवल नाहीं. पक्षकारानें पंचाच्या आसनावर बसूं नये, हा न्याय आपल्या गोतसभांसही ठाऊक होता.

१७६५ च्या नव्या कायद्यानें पार्लमेंटानें मंडळाचें वाचन उचलून धरलें. घड्याळाची सर्व रचना शपथपूर्वक उघड करावी म्हणजे बक्षिसाचा पहिला अर्धा भाग, १०,००० पौंड. इतर कारागिरांस तशीं घड्याळें करतां येतात हें सिद्ध झालें म्हणजे दुसरा अर्धा. त्याच कायद्यानें चंद्राचीं कोष्टकें रचणारा टोबियास मायर याच्या विधवेस ३,००० आणि गणिती ऑयलर यास ३०० पौंड देवविले. ऑगस्ट १७६५ मध्यें लंडनच्या रेड लायन चौकांतील हॅरिसनाच्या घरीं मंडळानें नेमलेले तज्ज्ञ कित्येक दिवस बसले. त्यांत लार्कम केंडल आणि टॉमस मज हे घड्याळजी होते. घड्याळ सुटें करून भागशः समजावून दिल्यावर त्या शरद् ऋतूंत पूर्वीच्या २,५०० ची वजावाट होऊन १०,००० ची भरपाई झाली. रचनेचें वर्णन मंडळानें १७६७ सालीं छापून प्रसिद्ध केलें. केंडलकडून हुबेहूब प्रत करविली. ठरीव मजुरी ४५० पौंड, वर ५० पौंड बक्षीस. ती प्रत १७७२ ते १७७५ च्या प्रवासांत कप्तान कुक यानें नेली आणि तिची वाखाणणी केली. म्हणजे मंडळाची शंका जशी रास्त होती तसेंच तिचें उत्तरही मिळालें : दुसऱ्यास घड्याळ करतां येतें. पण एका प्रतीस ५०० पौंड आणि दोन वर्षें लागत असतील तर आरमारास तिचा काय उपयोग, हा नवा प्रश्न त्यांतूनच निघाला. केंडलनें पुढें साध्या रचनेचीं दोन घड्याळें अनुक्रमें २०० आणि १०० पौंडांस करून दिलीं. तीं पहिल्याच्या योग्यतेचीं उतरलीं नाहींत.

हॅरिसनानें पांचवें घड्याळ केलें. १७७२ सालीं राजा तिसरा जॉर्ज यानें तें आपल्या खासगी वेधशाळेंत दहा आठवडे पारखलें आणि १७७३ त पार्लमेंटानें त्यास ८,७५० पौंड दिले. हें मंडळाचें बक्षीस नव्हतें. पार्लमेंटाची देणगी होती. २४ मार्च १७७६ रोजीं तो वारला. १७१४ च्या कायद्यांतील मुख्य बक्षीस बक्षीस म्हणून कोणासच कधीं मिळालें नाहीं.

हॅरिसनाच्या खात्याची बेरीज अशी : हप्त्यांनीं ४,३१५ पौंड, १७६५ चे १०,०००, आणि १७७३ चे ८,७५०, एकूण २३,०६५ पौंड. गाजलेल्या आकड्याहून ही बेरीज मोठी आहे. म्हणून 'बक्षीस बुडविलें' ही ओरड शब्दशः टिकत नाहीं. परंतु पैका कोणत्या वेळीं आला तें पाहावें. मोठ्या रकमा हातीं पडल्या तेव्हां त्याचें वय ७२ आणि ८० होतें, आणि तोंपर्यंत निर्णायक काम होऊन चुकलें होतें. ज्या वर्षांत चौथें घड्याळ जन्मास आलें त्या वर्षांत त्याचें घर चाललें तें लहान हप्त्यांवर. मोठ्या रकमांनीं वाद मिटविले. हप्त्यांनीं घड्याळ केलें.

मंडळ या प्रकरणापासून कांहीं शिकलें काय? शिकलें, आणि त्याचा कागदही आहे. जेसी रॅम्सडेन या उपकरणकारानें सेक्स्टंटच्या कमानीवर अंशांचीं घरें पाडण्याचें यंत्र केलें होतें. त्याच्या मोठ्या चाकास २,१६० दांते आहेत. म्हणजे एका अंशास बरोबर सहा. हातानें घरें पाडणें हें निवडक कारागिरांचें दिवसगतीचें काम होतें. या यंत्रानें तें सुलभ आणि अचूक झालें. १७७७ च्या हिशेबांत त्याला ६१५ पौंड दिलेले आहेत : ३०० पौंड शोधाबद्दल आणि ३१५ पौंड यंत्राची मालकी मंडळास देण्याबद्दल. बोली अशी कीं, ठरल्या मुदतींत दहापर्यंत कारागिरांस हें यंत्र करण्याची व चालविण्याची विद्या शिकवावी. यंत्र रॅम्सडेनच्या कारखान्यांतच राहावें. आणि इतर उपकरणकारांच्या उपकरणांवर त्यानें ठरीव दरानें घरें पाडून द्यावीं, ऑक्टंटास ३ शिलिंग आणि पितळी सेक्स्टंटास ६ शिलिंग. वर्णन मंडळानें त्याच वर्षीं छापलें.

१७३७ आणि १७७७ चे हे दोन करार शेजारीं ठेवून वाचावे. पहिल्यांत यंत्र सरकारजमा होतें, विद्येचा उल्लेख नाहीं. दुसऱ्यांत विद्येची किंमत निराळी, यंत्राची निराळी. शिकवावयाचें कोणास, किती मुदतींत, तें लिहिलेलें. यंत्र कारागिराच्याच हाताखालीं, म्हणजे त्याचा धंदा चालू. आणि इतर लहान कारखान्यांस ठरीव दरानें त्याचा लाभ. चाळीस वर्षांत, एका मनुष्याच्या मनस्तापाच्या मोलानें, सरकार करार लिहावयास शिकलें. रॅम्सडेनच्या प्रकरणीं कलह झाला नाहीं, म्हणून त्याची कथाही झाली नाहीं. इतिहासांत पुष्कळदां यशाची नोंद केवळ जमाखर्चांत राहते.

पुढील घड्याळजींच्या बाबतींतही मंडळाचा हात चालू राहिला, जरी सर्वत्र शांततेनें नव्हे. मज यास १७७७ सालीं ५०० पौंड मिळाले; १७९३ त मंडळाचा विरोध असतां पार्लमेंटानें आणखी २,५०० दिले. जॉन अर्नोल्ड आणि टॉमस अर्नशॉ यांनीं हॅरिसनाची गुंतागुंतीची रचना टाकून साधी रचना केली. अशा घड्याळांची संख्या शेंकड्यांनीं मोजण्याजोगी झाली, आणि मूळ कल्पना कोणाची यावरून दोघांचें भांडणही जुंपलें. १८०५ सालीं मंडळानें दोन्ही पक्षांस, पूर्वींच्या रकमा धरून, तीन तीन हजार पौंड असा समसमान निवाडा केला. अर्नोल्डचा हिस्सा त्याच्या मुलास मिळाला. यांचीं घड्याळें जहाजोजहाजीं झालीं तेव्हां तीं लावण्यास बंदराबंदरांत अचूक वेळेची गरज पडली. मुंबईस कुलाबा येथें १८२६ सालीं कंपनी सरकारानें जी वेधशाळा स्थापिली तिच्या कामांत जहाजांस वेळ पुरविणें हें एक होतें. तेव्हां हॅरिसनाच्या हप्त्यांचा धागा मुंबई बंदरापर्यंत येऊन पोंचला, असें म्हणण्यास प्रत्यवाय नाहीं. १८२८ सालीं मंडळ बरखास्त झालें. एकंदर आयुष्यांत त्यानें एक लाखाहून अधिक पौंड खर्चिले.

आतां आरंभीं उल्लेखिलेल्या अर्वाचीन योजनांकडे वळूं. अमेरिकेच्या १९८२ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, ज्या सरकारी खात्यांचा बाहेरील संशोधनावरील वार्षिक खर्च दहा कोटि डॉलरांहून अधिक आहे त्यांनीं त्याचा ठराविक हिस्सा लहान उद्योगांसाठीं राखावा. आरंभीं शेंकडा ०.२, पुढें चढत शेंकडा १.२५. पाया तीन पायऱ्यांचा. पहिल्या पायरीस कल्पना शक्य आहे किंवा नाहीं हें पाहण्यापुरती लहान रक्कम. दुसरीस नमुना सिद्ध करण्यासाठीं मोठी. तिसरीस या निधीचा पैसा नाहीं, बाजार किंवा सरकारची नेहमींची खरेदी. आणि कामांतून निघालेली तांत्रिक माहिती कांहीं वर्षेंपर्यंत त्या उद्योगाच्या हक्कांत राहते. १७३७ चे २५० अधिक २५० पौंड आणि ही पायरीची व्यवस्था यांतील साम्य सांगावयास नको. निम्मे आधीं, निम्मे काम दिसल्यावर. एकानें दुसऱ्याचें अनुकरण केलें असें म्हणण्याचा येथें हेतु नाहीं. अडचण तीच असल्यामुळें तोडगा तसाच निघाला, एवढेंच. पण विद्येच्या मालकीच्या प्रश्नास मात्र तीन काळांत तीन उत्तरें मिळालीं आहेत : १७६५ त काम झाल्यानंतर कायद्यानें ती उघड करविली, १७७७ त कराराच्या वेळींच मोल देऊन ती घेतली, १९८२ त ती कांहीं काळ शोधकाजवळच राहूं दिली. यांतील कोणतें उत्तर उत्तम, हें ज्याचें त्यानें ठरवावें. पण उत्तर आधीं लिहून ठेवणें हें न लिहिण्यापेक्षां बरें, एवढें तीन्ही उदाहरणांवरून सिद्ध होतें.

शेवटीं या दफ्तराविषयीं, आमच्या संग्राहक बंधूंसाठीं. मंडळ बुडाल्यावर हे कागद ग्रिनिचच्या वेधशाळेंत विस्कळित पडले होते. एकोणिसाव्या शतकांत राजज्योतिषी जॉर्ज एअरी यानें ते लावून त्यांचे बांधीव खंड करविले. आज ते केंब्रिज विद्यापीठाच्या ग्रंथालयांत असून २०१३ सालीं त्यांचीं छायाचित्रें सर्वांस पाहण्यास खुलीं झालीं. एअरीनें निवड करतांना फेटाळलेले अर्जही टाकले नाहींत. अखंडगति-यंत्रें आणि वर्तुळाचा चौरस करणारे, यांचीं बाडें त्यांत आहेत. तीं राहिलीं म्हणूनच मंडळाला काय नाकारावें लागत होतें हें कळतें, आणि जें स्वीकारलें त्याची पारख होते. आपल्याकडे सनदा, तहनामे आणि मोठ्यांचीं हस्ताक्षरें जिवापाड जपलीं जातात. तोफखान्याचे, टांकसाळीचे, कागद-कारखान्याचे हिशेब आणि कारागिरांचे अर्ज मात्र रद्दींत जातात. रॅम्सडेनचा करार हें कोणाचें सुंदर हस्ताक्षर नव्हे, त्यांत राजाची मुद्राही नाहीं. तरी सरकारानें कारागिराशीं कसें वागावें हें जर कोणी विचारलें, तर ६१५ पौंडांच्या त्या हिशेबाइतकें नेमकें उत्तर या सबंध दफ्तरांत दुसरें नाहीं. अशा जातीचा एखादा बंद कोणाच्या पेटाऱ्यांत असेल तर तो वजनानें विकूं नये. त्याची नक्कल करून ती प्रसिद्ध करावी, एवढीच विनंती.